नकाशा क्रमांक चार

जुलैच्या भेटीच्या रविवारी माझी आई गेटाबाहेरच्या चिंचेखाली पाऊण तास भिजत उभी होती. अंबाल्याला झेलम एक्स्प्रेसमध्ये बसून ती एकटी आली होती. बेसनाच्या लाडवांचा डबा तिने पदराखाली धरला होता, त्यामुळे लाडू कोरडे राहिले आणि ती नखशिखान्त भिजली. मी धावत गेलो तेव्हा म्हणाली, "काही नाही रे, पाऊस आत्ताच आला." तिच्या चपलांखालून पाणी वाहत होतं.

ऑगस्टमध्ये प्राचार्य सरांनी असेंब्लीत सांगितलं की पालकांसाठी गेटाजवळ शेड बांधायची आहे. नववी-दहावीच्या कॅडेटनी तिचा प्राथमिक आराखडा काढावा, त्यातला चांगला निवडून इंजिनिअरकडे पाठवू. त्या रात्री प्रेपमध्ये मी भूमितीची वही बाजूला ठेवून शेड काढली. तेव्हापासून माझे चार नकाशे झाले. पहिल्याचा चौथा कसा झाला ते इथे लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षी ज्याला असं काही काढायचं असेल त्याचे निदान दोन कागद वाचतील.

आधी पहिला नकाशा. १२ मीटर लांब, ६ मीटर खोल, वर काँक्रीटचं वळणदार छत. ते मी चंदीगडच्या विधानसभेवरून उचललं होतं. आम्ही डेराबस्सीला राहतो. बाबा फौजेतून निवृत्त झाल्यावर तिथल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात लागले. चंदीगड तिथून जवळ, त्यामुळे ल कॉर्बुझिए यांच्या इमारती मी लहानपणापासून पाहतो आहे. विधानसभेसमोरचं ते वर वळलेलं भलंमोठं छत मला फार आवडतं. तसंच छत मी पाच मीटर उंचीवर ठेवलं. खाली बाकांच्या तीन रांगा, रेल्वेच्या प्लॅटफॉर्मसारख्या. जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच जोतं, तीन पायऱ्या, आणि शेडचं तोंड रस्त्याकडे. छायाकन केलं, झाडं काढली, ढगसुद्धा काढले. हाउसमधली मुलं म्हणाली, "भारी!" मीही तेच धरून चाललो.

"भारी" ही प्रतिक्रिया ऐकायला छान असते, पण तिचं पुढे काही करता येत नाही. हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

डेराबस्सीला आमच्या शेजाऱ्यांच्या घरावर वरच्या मजल्याचं काम चालू होतं. मिस्त्री बिहारहून आलेले. त्यांना मी मोठ्या ऐटीत नकाशा दाखवला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला आणि विचारलं, "बाबू, इधर बारिश किधर से आता है?" माझ्या नकाशावर उत्तर दिशेचा बाणच नव्हता. आपला रस्ता शाळेच्या पश्चिमेला आहे आणि पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो, म्हणजे मी शेडचं तोंड बरोबर पावसाकडे केलं होतं. नंतर ते हसत म्हणाले की या छताला लाकूड जास्त लागेल, काँक्रीट कमी. वळणदार छत ओतायचं तर खाली तसाच वळणदार साचा फळ्यांनी बांधावा लागतो, आणि काम झालं की तो मोडायचा. पंजाबात त्याला शटरिंग म्हणतात, आमच्या साताऱ्याकडे सेंट्रिंग. नाव काहीही असो, एका शेडसाठी ते परवडत नाही.

मला राग आला, हे कबूल करतो. ज्यांना नकाशा सुलटा धरता येत नाही त्यांनी माझी चूक काढावी! संध्याकाळी जेवताना मी बाबांना हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्यांनी किती घरं बांधली असतील? आणि तू?" पुढे गप्प बसले. बाबांचं गप्प बसणं हे रागावण्यापेक्षा जड असतं.

गल्लीतली एक दीदी चंदीगडच्या आर्किटेक्चर कॉलेजात शिकते. बाबांनी मला तिच्याकडे पाठवलं. तिने छताबद्दल अवाक्षर काढलं नाही. "सेक्शन काढलास का?" एवढंच विचारलं. सेक्शन म्हणजे इमारत वरपासून खालपर्यंत सुरीने कापली तर आत जे दिसेल ते. कलिंगड कापल्यावर बिया कुठे आहेत ते कळतं, तसं. मी फक्त समोरून दिसणारं चित्र काढलं होतं. तिने सेक्शन काढायला लावला आणि त्यावर पाऊस काढायला लावला. वाऱ्याने पाऊस ४५ अंशांत तिरपा झाला, तर छताची कड जितकी उंच तितका तो आत येतो. माझं छत ५ मीटरवर, म्हणजे पाणी ५ मीटर आत. शेडची खोली ६ मीटर. कोरडी जागा उरली एक मीटर, तीही मागच्या भिंतीला चिकटून. तीन रांगांतली एकच रांग कोरडी. आई तिथेही भिजलीच असती, फक्त काँक्रीटखाली.

दीदीने दोन सवयी लावल्या. पहिली, खोडरबर वापरायचं नाही. जुन्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, जे टिकलं ते गिरवायचं, बदललं ते नव्याने काढायचं आणि कोपऱ्यात तारीख टाकायची. त्यामुळे काय का बदललं हे नंतर दिसतं. दुसरी, लोकांना "कसा वाटला?" असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर "छान" हेच येतं. विचारायचं, "तुम्ही इथे आलात तर आधी काय कराल?"

हा प्रश्न मी आईलाच विचारला. ती स्वयंपाकघरात होती. कागदाकडे पाहून म्हणाली, "आधी तू कुठून येणार ते बघेन. इथून तर रस्त्यावरच्या मोटारी दिसतायत." ती बरोबर बोलत होती. आपण येतो परेड ग्राउंडकडून, म्हणजे पूर्वेकडून. मी शेडचं तोंड रस्त्याकडे केलं होतं, कारण जाणाऱ्या-येणाऱ्यांना ती देखणी दिसावी. बसणाऱ्यांचा विचार नंतर केला होता. मिस्त्रींचा पाऊस आणि आईची नजर, दोन्ही एकच गोष्ट सांगत होते: शेड फिरवा. पश्चिमेला भिंत, पूर्वेला तोंड. हा नकाशा क्रमांक दोन. वेगवेगळ्या दोन माणसांनी वेगवेगळ्या कारणांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथे वाद घालू नये.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात दीदी मला सेक्टर १० मधल्या आर्किटेक्चर म्युझियममध्ये घेऊन गेली. इतकी वर्षं चंदीगड पाहूनही मला एक गोष्ट माहीत नव्हती. आज आपण पाहतो तो या शहराचा पहिला नकाशा नाही.

१९४७ साली फाळणी झाली, लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पंजाबला राजधानी उरली नाही. नवीन शहराचं काम सरकारने आधी अमेरिकेच्या अल्बर्ट मेयर यांना दिलं. त्यांचे सहकारी होते मॅथ्यू नोविकी. मेयर यांचा आराखडा पंख्यासारखा पसरलेला, रस्ते बाकदार. पण ३१ ऑगस्ट १९५० रोजी नोविकी इजिप्तमध्ये विमान अपघातात गेले. मग अधिकारी पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नवे वास्तुविशारद शोधायला युरोपला गेले. ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे जोडपं, असे चौघे ठरले. फेब्रुवारी १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए भारतात आले आणि काही दिवसांतच त्यांनी नवा आराखडा मांडला.

मी समजत होतो की त्यांनी जुना नकाशा टोपलीत टाकला असेल. तसं झालं नाही. शासकीय इमारती शहराच्या माथ्यावर, डोंगराच्या बाजूला, बाजार मधोमध, कारखाने एका अंगाला, विद्यापीठ दुसऱ्या, वस्त्यांमधून जाणारे हिरवे पट्टे. हे सगळं मेयर यांच्या आराखड्यातलं राहिलं. बदललं ते असं की बाकदार रस्ते सरळ झाले आणि वस्त्या ८०० मीटर रुंद, १२०० मीटर लांब अशा चौकोनी सेक्टरांत बसल्या. ट्रेसिंग पेपरचंच काम, फक्त शहराएवढ्या कागदावर. शहर मात्र आज एकट्या ल कॉर्बुझिए यांच्या नावाने ओळखलं जातं. मेयर यांच्यावर हा थोडा अन्याय आहे असं मला वाटतं.

एक गंमत म्हणजे स्वतः ल कॉर्बुझिए यांनाही नकार ऐकावा लागला. शासकीय इमारतींच्या माथ्याशी त्यांना राज्यपालांचा महाल हवा होता. तो आधी फार मोठा आणि खर्चिक झाला, म्हणून त्यांनी आकार कमी केला. पुढे पंडित नेहरूंना वाटलं की लोकशाहीत सगळ्यांच्या वर राज्यपालांचा महाल शोभत नाही. तो बांधलाच गेला नाही. आणि हायकोर्ट तर अजून गाजतं आहे. १९५५ साली ते सुरू झालं. कोर्टाच्या खोल्यांसमोर ऊन आणि पाऊस येतो म्हणून नंतर तिथे व्हरांडा जोडावा लागला, पण एक नंबरच्या कोर्टासमोर तो नव्हता. तिथेही व्हरांडा बांधा असा आदेश हायकोर्टानेच २०२४ मध्ये दिला. मधल्या काळात, २०१६ साली, ही इमारत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेली असल्यामुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२५ मध्ये तिथेही व्हरांड्याच्या बाजूने निकाल लागला. जगप्रसिद्ध इमारत, सत्तर वर्षं झाली, आणि प्रश्न तोच: पाऊस किधर से आता है? हे वाचल्यावर मिस्त्रींवरचा माझा राग पूर्ण गेला.

आपल्या महाराष्ट्रात तर या कामाला सरकारी नावच आहे, "हरकती व सूचना". शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला की तो प्रसिद्ध करून लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. १९६६ च्या नगररचना कायद्यात तशी तरतूद आहे. त्याच्याही आधी, १९६४ मध्ये मुंबई महापालिकेने आराखडा लोकांपुढे ठेवला, तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी नुसती हरकत घेतली नाही. मुंबई उत्तरेकडे लांबत ठेवण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा, असा पर्याय त्यांनी मांडला. १९६५ मध्ये तो 'मार्ग' या नियतकालिकात छापून आला आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. आपल्यापैकी ज्यांची घरं वाशी-नेरूळला आहेत ते एका सूचनेत राहतात, असं म्हणायला हरकत नाही.

शाळेत परत आल्यावर माझी पुढची अडचण अशी की प्लॅन आणि सेक्शन बहुतेकांना वाचता येत नाहीत. कागद पुढे केला की माणूस मान डोलावतो. इथे ड्रिलचे उस्ताद कामी आले. ते म्हणाले, "एक्सरसाइजच्या आधी आपण काय करतो?" सँड मॉडेल! वाळूत टेकडी, नाला, रस्ता मांडला की नकाशा न समजणारा जवानही पाच मिनिटांत बोलायला लागतो. मी बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची शेड केली, पाण्याच्या टाकीच्या जागी चेरी ब्लॉसमची डबी ठेवली, आणि ते सगळं गेटावरच्या चौकीत नेऊन ठेवलं.

चौकीतले हवालदार काका पुठ्ठ्याकडे बघून लगेच म्हणाले, "पुढून जाळी लाव." मला जाळी नको होती. पालकांना पिंजऱ्यात बसवल्यासारखं वाटेल. पण दीदीने सांगितलं होतं की माणूस उपाय सांगतो तेव्हा त्यामागची अडचण विचारावी. विचारल्यावर कळलं की काकांना चौकीतून सगळे पालक दिसायला हवेत, कारण वहीत नोंद त्यांनाच करावी लागते. माझ्या नकाशात चौकीच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला, भिंत होती. ती काढून टाकली. जाळीचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही. काही सूचना मात्र मी सरळ सोडून दिल्या. मोबाइल चार्जिंगसाठी वीस प्लग हवेत ही आमच्याच हाउसची सूचना होती, आणि ती कोणाच्या सोयीची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते फक्कीने. एका रविवारी परवानगी काढून आम्ही परेड ग्राउंडच्या कडेला फक्कीने शेड खऱ्या मापात आखली. तीन रांगा, बाक ४० सेंटिमीटर रुंद, मधली जागा ४० सेंटिमीटर. एकास शंभरच्या नकाशात ते ४ मिलिमीटर होतं आणि पेन्सिलीला ऐसपैस वाटत होतं. उस्तादांनी तीस मुलांना दप्तरं घेऊन स्टुलांवर बसवलं. मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत. आत जायचं तर सगळी रांग उठवावी लागे. मग उस्ताद म्हणाले, "भेटीला आल्यासारखे बसा." मुलं उठली, स्टुलं सोडून गोल करून जमिनीवर बसली, मध्ये डबा ठेवल्याचं नाटक केलं. मी ते बघतच राहिलो. आपल्या घरची माणसं भेटीला आली की ओळीत कधी बसतात? वर्तमानपत्र अंथरून, डबा उघडून, आपल्याला मध्ये घेऊन बसतात. दर महिन्याला मी स्वतः तसा बसतो, तरी नकाशा काढताना मला प्लॅटफॉर्म आठवला.

त्यामुळे नकाशा क्रमांक तीनमधून बाक गेले. पश्चिमेच्या भिंतीला लागून ६० सेंटिमीटर रुंद कट्टा आला, ज्यावर मांडी घालूनही बसता येतं. बाकीची जागा मोकळी, फरशीची. खोली ६ मीटरवरून ४ मीटर केली. छताला लोखंडी पाइप आणि पत्रा. मागची कड २.४ मीटर, पुढची ३ मीटर, म्हणजे पाणी मागे पन्हळीत जातं आणि येणाऱ्याच्या डोक्यावर पडत नाही. भूगोलाच्या सरांनी हिशेब करायला लावला: ४८ चौरस मीटर छतावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर ४८० लिटर पाणी. ते चिंचेला आणि बागेला.

जोत्याची सूचना माझ्या बेंचवरच्या मित्राने दिली. त्याच्या आजीचे गुडघे दुखतात. तीन पायऱ्या चढून ती येणार नाही, ती बाहेरच थांबेल. मी म्हटलं, उतार करतो. दर १ सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी धरली तर ४५ सेंटिमीटरला ५ मीटर ४० सेंटिमीटर उतार लागतो, जवळजवळ अर्ध्या शेडएवढा. जोतं १५ सेंटिमीटरवर आणलं की उतार १ मीटर ८० सेंटिमीटरमध्ये भागतो. पाणी आत येऊ नये म्हणून भोवती नाली काढली आणि जमिनीला बाहेरच्या बाजूला ढाळ दिला. हा नकाशा क्रमांक चार.

यात अजून दोषही आहेत. पत्रा मे महिन्यात तापणार आणि जुलैमध्ये एवढा वाजणार की बोललेलं ऐकू येणार नाही. कौलं घालावीत तर वानरं ती टिकू देत नाहीत. पत्र्याखाली बांबूची चटई लावावी असं एकाने सुचवलं आहे, ते मला पटतं, पण वाळवीचं काय करायचं ते ठरत नाही. पूर्वेकडून येणारा ऑक्टोबरचा परतीचा पाऊस अर्धी शेड भिजवेल. आणि पहिल्या नकाशातलं ते वळलेलं छत गेलं याचं मला अजूनही थोडं वाईट वाटतं. चौथी शेड काही कोणी फोटो काढावा अशी नाही.

गेल्या आठवड्यात मी तिचा फोटो आईला पाठवला. तिने फोनवर विचारलं, "नळ कुठे आहे? डबा धुवायला?" मी चारही कागद पाहिले. नळ एकातही नव्हता.

नकाशा क्रमांक चार मेसबाहेरच्या फलकावर लावला आहे. नळासाठी उत्तरेच्या टोकाला जागा पेन्सिलीने दाखवली आहे, पण तिथे चिखल होईल का ते सांगा. मेसच्या भय्यांनी आणि माळीकाकांनीही सांगावं. भेटीच्या येत्या रविवारपर्यंत हरकती व सूचना थेट कागदावर लिहाव्यात. शेजारी दोरीने पेन्सिल बांधली आहे. ती कृपया कोणी नेऊ नये, ही तिसरी आहे.